डब्यातली साखर

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षर तर किरटं आहेच. चौथीनंतर पेन हातात आलं ते किराण्याची यादी करण्यापुरतंच. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. कुमुदताईंनी हे वाचलं असतं तर म्हणाल्या असत्या, "तुझ्या अक्षराला कुणी नाव ठेवलं का, शोभा? नाही ना? मग आधीच कशाला कान धरून उभी?"

इकडे हिंदी मुलखात, अवधपुरी वसाहतीत, आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. यजमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढे वारले. मुलगा-सून नागपूरला, ताई इथं एकट्या. कपाळावर कायमची आठी, आवाज भांडल्यासारखा. भाजीवाल्याला त्या "भैया, ढंग का दो" म्हणाल्या तरी मी माझं दार लोटून घ्यायचे. वाटायचं, मलाच ऐकवतायत.

पहिल्या होळीला मी त्यांच्याकडे पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. डबा परत आला तो मूठभर साखर घालून. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये ही रीत मलाही ठाऊक. तरी ती साखर पाहून मला वाटलं, पुरण अगोड झालं, हेच सुचवलंय. मग मी त्यांना चुकवत राहिले. शेवटी त्यांनीच फाटकात अडवलं, तेव्हा मी खाली बघत पुटपुटले की पुरण बिघडलं होतं, माफ करा.

ताईंनी बोट वर केलं. "थांब. मी काय म्हटलं ते सांग. तुला काय वाटलं ते नंतर."

"तुम्ही काहीच नाही म्हणालात."

"मग माझ्या तोंडची वाक्यं तू कशाला बोलतेस? तीन पोळ्या खाल्ल्या मी. अगोड पोळी कुणी तिसऱ्यांदा घेतं?"

पुढे हे त्यांचं नेहमीचंच झालं. बहीण फोनवर तोडून बोलली, दवाखान्यातल्या बाई मला हसल्या, असं काही घेऊन गेले की ते बोट वर. नुसते बोललेले शब्द सांगायला बसले की हाती दोन-तीन साधे शब्द उरायचे. बाकीचं मीच घातलेलं असायचं. आपण अडाणी आहोत, हे जगानं म्हणायच्या आधी मीच म्हणून मोकळी झालेली. हे कळलं तरी जीव लगेच थाऱ्यावर येत नसे. अजूनही येत नाही.

गेल्या थंडीत ताई पायरीवर बसल्या होत्या. गुडघे इतके धरलेले की आपल्याच घराची पायरी चढवेना. म्हणाल्या, "सुनेचा फोन आला होता. मला एका बाजूला टाकायचं ठरवलंय. मी काही नागपूरला जात नाही."

मला आधी बरंच वाटलं. त्या राहणार होत्या. मी चहा टाकायला आत आले. गप्प बसले तर ताई माझ्या शेजारी राहतील. आणि ही पायरी? चहा उतू गेला. उरलेला घेऊन बाहेर आले.

"ताई, ती काय म्हणाली ते सांगा. तुम्हाला काय वाटलं ते नंतर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पूर्वीची मी पळाले असते. मग हळू म्हणाल्या, "'आई, खालची खोली रंगवून घेतलीय. तुम्हाला जिना चढायला नको.'"

"एवढंच?"

"एवढंच." पदरानं चष्मा पुसत बसल्या. मग घोट घेऊन म्हणाल्या, "चहात साखर कमी आहे." हे मात्र त्या खरंच म्हणाल्या होत्या. मी चमचाभर आणून घातली.

संक्रांतीनंतर मुलगा न्यायला आला. सकाळी मी दोघांना डब्यातून थालीपीठं दिली होती. रिक्षात बसता बसता ताईंनी डबा माझ्या हातात दिला आणि नेहमीच्या भांडखोर आवाजात म्हणाल्या, "जाते गं."

घरात येऊन झाकण काढलं. मूठभर साखर. त्याच साखरेचा चहा केला. सवयीनं दोघींचा झाला.