पोपटी शर्टाचा माग

लाँड्रीवालीला गल्लीत सगळे ‘कडक बाई’ म्हणत. स्टार्चमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर तिने आणि नवऱ्याने मिळून कोर्टात अर्ज टाकला. भांडण असं नव्हतंच. बोलणं आटत आटत बंद पडलं, एवढंच. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. तो दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत गेला, पण शर्ट अजून तिच्याकडेच धाडायचा. अशी कॉलर दुसरीकडे बसत नाही म्हणे.

एका मंगळवारी त्याच्या गाठोड्यातून पोपटी शर्ट निघाला. जन्मात करड्या रंगापलीकडे न गेलेला माणूस! कडक बाईने खिसा चाचपला. आत तळ्यावरच्या बोटीची, गेल्या रविवारची तिकिटं. दोन!

तिने तडक नणंदेला फोन लावला. “माझ्याबरोबर नुसतं काठावर बसायचं म्हटलं तरी तुझ्या भावाला चक्कर यायची. आता बोटीतून हिंडतात!”

“अगं वहिनी, तू घटस्फोट घेतेयस ना? मग तुला काय त्याचं?”

“काही नाही. नुसतं बघायचंय.”

“मग थांब, मीपण येते.”

रविवारी दोघी काळे चष्मे लावून, भलीमोठी छत्री घेऊन तळ्यावर हजर. काठावरून नीट दिसेना, म्हणून पायडलची बोट घेतली. लांबवर पोपटी शर्ट झळकत होता आणि शेजारी रुंद टोपीतली एक बाई. दोघींनी जोर लावला, पण एकीचा पाय घाईत, दुसरीचा आळसात. बोट स्वतःभोवती गिरक्या घेत सरळ लव्हाळ्यांत जाऊन रुतली. छत्री पाण्यात गेली, आणि नणंदेचा धीर सुटला.

“दादाऽऽ!”

झालं! पोपटी शर्ट वळला.

टोपीवाली वाचनालयात काम करायची. तिने दोर टाकला आणि अगदी मनापासून म्हणाली, “कॉलरी तुम्हीच करता ना? फार छान असतात.” टोमणा म्हणावा, तर चेहरा इतका साधा, की कडक बाईला रागवायलाही जागा सापडेना. ती नवऱ्याकडे वळली.

“तुम्हाला पाण्याची चक्कर येते ना?”

“येते की अजून. डोळे मिटून पायडल मारतो. कुठे वळायचं ते ह्या सांगतात.”

“मला नाही कधी बोललात, डोळे मिटून येतो म्हणून.”

“तू कधी ‘चल’ म्हणाली नाहीस.”

तो खरं बोलत होता. तेवढ्यात नवऱ्याने खरंच डोळे घट्ट मिटले आणि कवळी घासावी तसं तोंड करून त्यांना ओढायला लागला. कडक बाईला असं हसू फुटलं की बोट हलली.

काठाला उतरताना ती टोपीवालीच्या कानाशी लागली; पण ऐकू सगळ्यांनाच गेलं. “हे घोरतात. हाक मारू नका, सरळ नाक दाबा.” टोपीवाली लालबुंद झाली. नवऱ्याचे डोळे खाडकन उघडले.

दोन महिन्यांनी सह्या झाल्या. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना नणंद मुसमुसायला लागली. “आता तुला वहिनी म्हणू की नको गं?”

“म्हण की,” कडक बाई म्हणाली. “घटस्फोट तुझ्या भावाला दिलाय, तुला नाही. डोळे पूस आणि चल, दुकान उघडायचंय.”