मातीच्या दिवशीची बिस्किटं

युद्ध चालू होतं तेव्हा आमच्या आळीच्या टोकाला स्वीडनचं एक जोडपं राहायचं. गाव संगमनेरजवळचं, प्रवरेच्या काठचं. आळी ख्रिस्ती लोकांची. मी तिथल्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण. साहेब मुलांना सुतारकाम शिकवायचे, मडम मुलींना विणकाम. स्वीडन कुठं आहे हे आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. गोरा म्हणजे इंग्रज, आणि इंग्रज असून रुबाब करत नाही म्हणजे बिघडलेला इंग्रज, एवढा निकाल लोकांनी लावून टाकला होता.

त्यांच्या तऱ्हा पाहून आम्ही पोट धरून हसायचो. ऐन वैशाखात, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा दुपारी, ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून उन्हाकडे तोंड करून बसायची. आमचा जन्म ऊन चुकवण्यात गेला, आणि यांना ते फुकट मिळतंय म्हणून सोडवत नव्हतं. कुणी सहज डोकावलं तर मडम दारात उभी राहून विचारायची, काय काम आहे? काम नसताना माणूस माणसाकडे जातो हे तिच्या गावीच नव्हतं. मला तिनं कॉफीला बोलावलं तेही आठवडाभर आधी, वेळ सांगून. मी आपल्या सवयीनं उशिरा गेले, तर बाई निवलेल्या कॉफीसमोर तशीच बसून. आधी ती रागावली, मग हसली, मीही हसले, आणि आमचं जमलं.

मग साहेबांना विषमज्वर झाला आणि ते गेले. मूलबाळ नव्हतं. मायदेशी जावं तर युद्धामुळे बोटी नव्हत्या. आता मडमला जे कोण होतं ते आम्हीच, हे न बोलता सगळ्या आळीनं गृहीत धरलं होतं.

दुपारी माती झाली. आमच्याकडे त्या दिवशी मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात आणि घरच्यांना बळंबळं कडू घास भरवतात. वाडवडलांनी धर्म बदलला, पण हे सोडलं नाही. तर सगळी आळी टोपल्या घेऊन निघाली, आणि पाहतो तो मडमच्या धुराड्यातून धूर.

आत टेबलावर पांढरीशुभ्र चादर, कपबशा आणि सात तऱ्हेची बिस्किटं. रेशनची साखर कधीपासून साठवली होती कोण जाणे. काळा झगा घातलेली मडम प्रत्येकाशी हात मिळवत होती, आल्याबद्दल आभार मानत होती, कॉफी घ्या म्हणत होती. माणसं भिंतीला टेकून खाली बसली. कपाला कुणी हात लावला नाही. मयताच्या घरचं गोडधोड कोण खाणार? तिनंही आमच्या भाकरीकडे पाहिलं नाही. पाहुण्यांनी आपलं जेवण सोबत आणावं, यात तिला आपल्या घराचा कमीपणा वाटला.

शेजारची म्हातारी उठली आणि तिला उराशी धरून म्हणाली, "रड गं लेकी. न्हाई रडलीस तर काळजात गाठ व्हईल."

मडम खांबासारखी ताठ. म्हातारीच्या पाठीवर हलकेच थोपटत म्हणाली, "आपण फार दयाळू आहात." जणू नवरा म्हातारीचाच गेला होता.

नवऱ्याच्या मातीला हिनं गोडधोड केलं आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, एवढं आळीला पुरलं. तिच्याकडे कुणी जाईना. मी मात्र जायचे. तिनं मला समजावून सांगितलं, की तिच्या देशात अखेरच्या निरोपाला आलेल्याला रिकाम्या तोंडी परत पाठवणं म्हणजे गेलेल्याचा अपमान. आणि रडायचं ते दार लावून.

"ती बिस्किटं मी एकटीनं खाल्ली," ती म्हणाली. "टाकणार कशी? त्यांच्या निरोपासाठी केली होती."

मला भडभडून आलं. काही झालं तरी हिला अंतर द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.

पुढच्या थंडीत माझी आई गेली. माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं. आळी आली, बायका दिवसभर बसून राहिल्या, कुणी माझं डोकं मांडीवर घेतलं, कुणी घास भरवला. माझे डोळे दाराकडे. मडम मातीला आली होती, पण लांब कबरस्तानाच्या फाटकाशी उभी राहून परस्पर निघून गेली. त्यानंतर घरी म्हणून फिरकली नाही.

शेवटी शाळेच्या ओट्यावर गाठ पडली. मी विचारलं, का आला नाहीत?

"तुम्ही बोलावलं नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे इतकी गर्दी. मला वाटलं, निदान मी तरी तुम्हाला त्रास देऊ नये." तिचे डोळे सुजलेले होते. माझ्या आईसाठी ती रडली होती, दार लावून.

तिचं म्हणणं मला अक्षर न् अक्षर पटलं. आपल्या परीनं तिनं माझी मायाच केली होती, हेही कळलं. तरी ती मनातून उतरली ती उतरलीच. आई गेली तेव्हा जी माझ्या घरी आली नाही, ती माझी कोण? मी तसं तिला तोंडावर सांगितलं. ती हळूच होय म्हणाली आणि वर्गात गेली.

युद्ध संपून ती बोटीत बसेपर्यंत आम्ही लागून असलेल्या वर्गांत शिकवत होतो. तिनं मला पुन्हा कॉफीला बोलावलं नाही, आणि मी न बोलावता गेले नाही.