नवरा सोबत असेल तरच

झाशीच्या सिविल लाइंसमध्ये मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं व्हिसा कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे. सल्ला मालक सक्सेनाजी देतात, फॉर्म मी भरते. चौदा वर्षं झाली. लोक विमानात बसून निघून जातात, पण त्यांचे किस्से इथेच राहतात, आणि ते इतके साठलेत की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पहिला मान मालकांचा! सक्सेनाजींच्या खुर्चीमागे भिंतभर जगाचा नकाशा आहे. एकदा एक गिऱ्हाईक तो बघून भारावून म्हणालं, "सर, आप तो बहुत घूमे होंगे?"

सक्सेनाजी शांतपणे म्हणाले, "अजी, ऐसा कोई देश नहीं जिसका फॉर्म हमने न देखा हो!"

स्वतःचा पासपोर्ट त्यांनी अजून काढलेला नाही.

*

नवरा शिकायला निघाला आणि बायको सोबत जायचं म्हणाली, की आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. सक्सेनाजी नवऱ्याकडे बघून म्हणतात, "भाभीजी तो जाएँगी ही। खाना कौन बनाएगा?"

बायको शिकायला निघाली की मात्र तेच सक्सेनाजी चष्मा काढून नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळतात. "और आप वहाँ करेंगे क्या?"

बिजौलीत कारखाना असलेल्या एका गृहस्थांना हाच प्रश्न विचारला, तर तेच उलट तापले. व्हिजिटर व्हिसावर तिकडे नोकरी करता येत नाही, हे मी त्यांना नुकतंच समजावलं होतं.

"नौकरी नहीं, धंधा नहीं! तो क्या वहाँ बर्तन माँजूँ?"

सक्सेनाजींनी नियमांचा कागद काढला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, "घर के माँज सकते हैं सर. बस, पैसे मत लीजिएगा।"

*

जवळच्या एरच गावच्या एक आजी आल्या होत्या. सून शिकायला गेलेली, मुलाला रजा नाही, म्हणून आजीच निघाल्या! मी फॉर्मवरचा प्रवासाचं कारण हा रकाना दाखवला आणि विचारलं, "टूरिज़म लिख दूँ?"

"काय को टूरिज़म? बहू पै नजर रखनें है. जेई लिखो!"

आमच्या ऑफिसात इतकं खरं कारण त्याआधी कुणी दिलं नव्हतं. मी "कुटुंबीयांना भेट" असं लिहिलं.

*

आता आमच्याच लोकांकडे येते. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे एकमेकांची अक्कल किती हे सगळ्यांना ठाऊक असतं.

अनुजाला इंग्लंडात एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. तिचा नवरा निखिल रेल्वेत क्लार्क. लग्नाला आठ महिने झालेले. अशा कोर्सला नवऱ्याला डिपेंडंट म्हणून नेता येत नाही, तिकडचा नियम बदललाय. राहिला व्हिजिटर व्हिसा. जास्तीत जास्त सहा महिने, काम करायचं नाही, आणि मुदत संपली की परत येणार हे त्यांना पटवून द्यायचं.

हा इंग्लंडचा नियम. घरचा नियम निखिलच्या अप्पाकाकांनी केला. "नवरा सोबत असेल तरच जायचं. आपल्या घराण्यातली बाई एकटी कुठे जात नाही."

अनुजाचा व्हिसा लागला, पासपोर्ट आला. अप्पाकाकांनी मला बजावलं, "तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेव. निखिलचं झालं की दोघांचे एकदम दे. नाहीतर राहू दे." पोरीने दोन वर्षं खपून मिळवलेला प्रवेश माझ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या शेजारी! आणि मी तो ठेवून घेतला. हसायला दुसरे कशाला हवेत?

*

मुलाखत झालीच तर असावी म्हणून सक्सेनाजींनी निखिलची तयारी करून घेतली. स्वतः व्हिसा देणारे साहेब झाले.

"क्यों जा रहे हैं?"

"अनुजा के साथ रहना है।"

"ये नहीं चलेगा. बोलिए, पुल देखना है, म्यूज़ियम देखना है।"

"लेकिन मुझे पुल नहीं देखना है।"

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर! सक्सेनाजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. "मैडमजी, लड़का कमज़ोर है।"

*

निखिल परत येईल याचा पुरावा हवा होता. नोकरीचं पत्र होतं, मंजूर रजा होती, घराचे कागद होते. एवढ्यावर भागलं असतं. पण अप्पाकाका मोडीतली सनद घेऊन आले! मूळ पुरुष पेशव्यांच्या वेळी झाशीला चार महिन्यांच्या कामगिरीवर आले, तो कागद. सोबत स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं पत्र. त्याचा मथितार्थ असा: आमचे पूर्वज चार महिन्यांसाठी इथे आले, आणि ईश्वरकृपेने आमचं घराणं आजतागायत परत गेलेलं नाही.

मी म्हटलं, "अप्पाकाका, हे नको जोडायला."

"तुला काय कळतंय इतिहासातलं?"

काही कळत नाही. जोडलं!

*

नकार आला त्या दिवशी तिघंही ऑफिसात होते. मी वाचून दाखवलं: मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल, याची खात्री पटत नाही.

अप्पाकाका उसळले. "अक्कल आहे का यांना? अडीचशे वर्षं आम्ही झाशी सोडली नाही, आणि हे म्हणतात परत येणार नाही!"

"सर्वर की गड़बड़ होगी," सक्सेनाजी म्हणाले.

निखिल खाली बघत होता. काकांसमोर तो कधी बोललाच, तर हिंदीत बोलायचा, तेही तोंडातल्या तोंडात. अप्पाकाकांनी सनद गुंडाळली. "झालं. विषय संपला. घरी चला."

अनुजा उठली नाही. "अप्पाकाका, मूळ पुरुष इकडे आले तेव्हा सोबत कोण होतं?"

"सोबत? एकटे आले! घोड्यावरून! बायको पाच वर्षांनी आली." काकांची छाती फुगली.

"कुणी अडवलं नाही त्यांना?"

"कामगिरीवर निघालेल्या माणसाला कोण अडवणार!"

अनुजा माझ्याकडे वळली. "ताई, माझा पासपोर्ट."

सक्सेनाजी माझ्याकडे बघत होते. अप्पाकाकाही बघत होते. मी ड्रॉवर उघडला.

तेवढ्यात निखिल उभा राहिला आणि खणखणीत मराठीत म्हणाला, "ताई, शनिवारचं तिकीट बघा. एकच."