घटनांच्या रकान्यात मी

रे रोडच्या वखारीत बाबा लाकडं उचलायचे, आई लोकांकडे पोळ्या लाटायची आणि लालबागच्या आमच्या एका खोलीत मी मोरीच्या कठड्यावर बसून अभ्यास करायचे. चाळीच्या जिन्याखाली एक फळा होता. त्यावर सेक्रेटरी काका रोज सकाळी त्या तारखेचा दिनविशेष लिहायचे: जन्म, मृत्यू, घटना. सगळ्यात खाली पाण्याची वेळ. लोक वाचायचे ती फक्त पाण्याची वेळ.

माझा बीएचा निकाल लागला, तशी आई पिठाच्या हातांनीच जिना उतरली.

"काका, पोरीचं लिहा."

"अगो, ह्यात थोर माणसं असतात. मेलेली."

"मग ती मरेपर्यंत थांबू?"

"जागा नाही गो."

घटनांत कुठल्याशा परदेशी राजाचा राज्याभिषेक होता. आईने पदराने तो पुसून टाकला. "ह्याला आपल्या चाळीत कोण ओळखतो? नळावर कधी दिसलाय?"

काकांनी खडू उचलला. पाणी भरायला आलेल्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच फळा वरपासून वाचला: आपल्या चाळीतली पहिली मुलगी पदवीधर झाली.