बर्फ चावणारी मुलगी

कॅन्सरचं औषध सलाइनमधून चढत होतं आणि आठ वर्षांची मुक्ता कडाकडा बर्फ चावत होती.

“अगं, चोखायचा असतो. हिरडी कापेल,” मी म्हटलं.

“मी चावणार.”

या औषधाने मुलांचं तोंड येतं, पाणीसुद्धा गिळवत नाही. औषध जाताना तोंड गार ठेवलं तर फोड कमी येतात का, हे आम्ही वॉर्डातल्या नर्सेस तपासतोय. “जीव वाचतोय ना, मग तोंड आलं तर एवढं काय?” असं ऐकवणारे पुष्कळ भेटतात. एवढं काय? त्यांनी एकदा तसल्या तोंडाने वरणभात गिळून दाखवावा. जीव वाचवायचा तो काय नुसता सोसायला?

सुई मुक्ताला विचारून टोचत नाहीत. केसही तिला विचारून गेले नाहीत. वर सगळे सांगणार, शहाण्यासारखी पडून राहा. तिच्या ताब्यात उरलेत फक्त दात.

मी बर्फ आणखी बारीक करून आणला. तिने वाटी माझ्यापुढे धरली. “सिस्टर, तुम्हीपण.”

मी एक खडा चोखू लागले, तर तिने डोळे वटारले. मग मी तो दाढेखाली घेतला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा फोडला.