ज्येष्ठमधाची काडी

अमेरिकेतल्या फ्रीमाँटमध्ये सुलभाकाकूंना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. मंडळाच्या गणपतीत आरतीचा सूर लावायचा तो काकूंनीच, आणि कुणी घाई केली तर भर आरतीत डोळे वटारायचे तेही काकूंनीच. नवरा त्र्यंबक चिप कंपनीत इंजिनिअर, पण सगळा जीव गाण्यात. टाउनहाउसच्या भिंती पातळ, म्हणून दोघं पहाटे गराजमध्ये, पाण्याच्या हीटरशेजारी सतरंजी टाकून रियाज करायचे. बसण्याआधी त्र्यंबकराव ज्येष्ठमधाची काडी मोडायचे. अर्धी स्वतःला, अर्धी काकूंना. गळ्याला बरी म्हणून.

तीन वर्षांपूर्वी त्र्यंबकराव गेले आणि रियाज थांबला. काडी मात्र सुटली नाही, उलट वाढली. स्वयंपाक करताना, टीव्हीसमोर, भाजी आणायला जाताना काकूंच्या गालात ती असायचीच. तो गोडसर रस जिभेवर उतरला की शेजारी कुणीतरी तंबोरा जुळवतंय असं वाटायचं. असलं सुख कोण सोडेल?

पण ब्लडप्रेशर चढलं. एक गोळी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, तरी आकडा हटेना. काकूंच्या आईला याच दुखण्यातून अर्धांगवायू झाला होता, त्यामुळे मुलगी गिरिजा धास्तावली.

"आई, चायनीज मेडिसिन ट्राय करू या. गोळ्या कंटिन्यू करायच्याच, हे फक्त सोबत."

"माझे आजोबा वैद्य होते. त्यांची नात चिनी काढे पिणार?" काकू कुरकुरल्या, पण गेल्या.

डॉक्टर लिन साठीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, ठरावीक जागी दाब पडावा म्हणून कानाला बारीक बिया चिकटपट्टीने लावल्या आणि शेवंतीचा चहा प्यायला दिला. काकूंना हसू फुटलं. देवाला वाहायचं, वेणीत माळायचं फूल, ते उकळून प्यायचं! पण कपातून वाफ आली आणि लग्नातली वेणी आठवून त्या हळव्या झाल्या.

"प्रेशरच्या गोळ्यांशिवाय आणखी काही औषध घेता?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," काकू ठामपणे म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. आपल्याकडे ज्येष्ठमधाला औषध कोण म्हणतं? जिऱ्याला म्हणतो का?

"मग तोंडात काय आहे?"

काकूंनी पर्समधून काड्यांची डबी काढली. बाईंनी वास घेतला आणि मागच्या खणातून तसलीच मुळी काढून दाखवली. "माझ्या कितीतरी काढ्यांत ही थोडीशी असते. पण रोज दिवसभर चघळलीत तर हीच प्रेशर वाढवते. तुम्हाला ही बंद. आणि आजच तुमच्या डॉक्टरांना सांगा."

नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काकूंनी सगळा राग गिरिजावर काढला. "मीठ सोडते, लोणचं सोडते. एवढं एक मागू नकोस."

"आई, बाबा गेले. आता तू पण नको ना जाऊस, प्लीज."

काकूंनी डबी गिरिजाच्या हातात दिली. काडी सुटली. ते दिवस फार वाईट गेले. हात सवयीने पर्सकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. पहाटे जाग यायची, पण तंबोरा काही ऐकू यायचा नाही. काकू उशीत तोंड खुपसून पडून राहायच्या.

दीडएक महिन्याने आकडा उतरला. डॉक्टरांनी एक गोळी कमीसुद्धा केली. परतताना गिरिजा फ्रीवेवर एकटीच बडबडत होती.

"आई, सेलिब्रेट करू या! डोसा खाऊ या का? अगं, बोल ना. आनंद नाही झाला?"

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"झाला गं. सगळे म्हणायचे, काकू किती धीराच्या. धीर कसला? काडी तोंडात होती तोवर मला ते गेलेत असं वाटतच नव्हतं. तुझ्या बाबांना मी आत्ता पोचवून आले."