अजगराच्या वळणावरचा जोड

थीम पार्क म्हणजे चिल्ल्यापिल्ल्यांचं काम, मोठ्यांनी तिथं फक्त पिशव्या सांभाळायच्या आणि सावली शोधायची, असं म्हणणाऱ्यांनी एकदा ठिणगीला भेटावं. भेटल्यावर तोंड जरा सांभाळून उघडावं, एवढंच.

ठिणगी हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हे. वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये नवी नवी लागली तेव्हा एक ठिणगी उडून तिच्या बाहीत शिरली. दुसरं कुणी असतं तर हातातलं टाकून नाचलं असतं. हिने ओठ घट्ट मिटून हातातला जोड पुरा केला, तोंडावरची काच वर सरकवली आणि मगच बाही झटकली. त्या दिवसापासून सगळं वर्कशॉप तिला ठिणगी म्हणायला लागलं. पुढं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकायला लागले, हाताखाली माणसं आली, पण नाव काही सुटलं नाही. नवरा शिंपी मिळाला. तो कापड जोडायचा, ही लोखंड जोडायची. आमच्या घरात तुटलेलं काही टिकत नाही, असं ती तोऱ्यात सांगायची, आणि तो तोरा तिला शोभायचाही.

शहराबाहेर थीम पार्क उभं राहत होतं तेव्हा ती ऐन पंचविशीत होती. तिथल्या सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरचं काम तिच्या वर्कशॉपकडे आलं. कामगारांनी त्याला अजगर म्हणायला सुरुवात केली आणि पार्कवाल्यांनीही मुकाट्याने पाटीवर तेच रंगवलं. अजगर उंचावरून सुसाट खाली येतो, आता जमिनीत घुसणार असं वाटतं आणि ऐन वेळी डावीकडे वळतो. ते वळण ठिणगीचं. खांबाच्या बुडापासून वरच्या रुळाच्या सांध्यापर्यंत सगळं तिच्या हातचं. रुळाचे दोन तुकडे जोडायचे आणि जोड घासून घासून असा सपाट करायचा की चाकाला पत्ता लागू नये. काम संपलं की लोखंडावर छिन्नीने आपली खूण ठोकायची, ही तिथली रीत. प्रत्येकाची खूण वेगळी. तिची म्हणजे दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ. खांबाच्या बुडाशी ती तिने स्वतः ठोकली होती.

वाळूची पोती बसवून चाचण्या झाल्यावर माणसांच्या पहिल्या फेरीचा मान कामगारांना मिळाला. सगळे बसले. ठिणगी खाली उभी राहिली, कारण पोटात थोरली लेक होती. पुढच्या वेळी बसू, असं ती म्हणाली आणि पुढची वेळ काही येईना. लेक चालायला लागली तर उंची कमी पडली. तिची उंची भरली तोवर धाकटा झाला. नवरा साधा झोका उंच गेला तरी डोळे मिटायचा, त्यामुळे तो लेकीबरोबर वर जाईना, आणि त्याच्याजवळ ठेवलं तर धाकटा आईसाठी आकांत करायचा. दर सुट्टीत सगळे पार्कात जायचे आणि ठिणगी वळणाखालच्या बाकावर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांचे ओले मोजे घेऊन बसायची. तिथून जाणाऱ्या-येणाऱ्याला ती बोट दाखवून सांगायची की ते वळण आहे ना, ते माझं. मुलं लहान होती तोवर त्यांच्या छात्या फुगायच्या. मोठी झाल्यावर ती आईपासून चार पावलं लांब उभी राहायला लागली.

पण एक गोष्ट ठिणगीने कुणाला सांगितली नव्हती. त्या बाकावर बसलं की प्रत्येक फेरीला वळणावरून आवाज यायचा. खट्. आरडाओरड्यात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही एवढाच, पण तिचे कान लोखंडात मुरलेले. आपलाच जोड वर आलाय, चाक त्याच्यावर आपटतंय, असं तिच्या मनाने घेतलं. तपासणीवाले दरवर्षी सगळं ठीक म्हणायचे, म्हणजे धोका काही नव्हता. नुसती लाज होती. मुलं मोठी होऊन स्वतःची स्वतः बसायला लागली, बाकावर थांबायचं काही कारण उरलं नाही, तरी ती बसली नाही ती याच्यामुळे. वर जाऊन खट् बुडाखाली लागलं असतं तर पुन्हा कुणाला बोट दाखवायची सोय राहिली नसती.

आणि मग बातमी आली की अजगर म्हातारा झाला, हा हंगाम संपला की त्याला उतरवणार.

तोवर थोरली दवाखान्यात नर्स झाली होती आणि धाकट्याला ओठावर जेमतेम दिसेल अशी मिशी फुटली होती. त्या मिशीच्या जोरावर तो घरात सगळ्यांना अक्कल शिकवायचा. जेवताना ठिणगीने विषय काढला, की या सुट्टीत दोन दिवस पार्कात राहायला जाऊ. धाकट्याने मान वर न करता सांगितलं की तिथं लहान पोरं जातात, मित्रांनी पाहिलं तर वर्षभर सोडणार नाहीत. थोरलीलाही ड्यूटीवरून सुटल्यावर झोपेशिवाय दुसरं काही नको होतं. ठिणगीने ताट उचललं आणि बेसिनपाशी जाऊन उगाचच नळ मोठा सोडला. शिंपी बिचारा एकदा बायकोच्या पाठीकडे आणि एकदा मुलांकडे बघत राहिला.

थोरली उठून आईजवळ गेली. "आई, तुला बसायचंय का अजगरात?"

"मला कशाला? तुमच्यासाठी म्हणत होते."

"सरळ सांग ना."

ठिणगीने नळ बंद केला. "बसायचंय," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना दोन बाजूंना घेऊन बसायचंय. एकदाच."

झालं. सुट्टी ठरली.

पार्काच्या मुक्कामाच्या खोलीत दुमजली पलंग होते आणि चादरींवर छत्री घेतलेले हत्ती होते. धाकट्याचे पाय पलंगाबाहेर घोट्यापर्यंत लोंबत होते. आपल्याला इथं जबरदस्तीने आणलंय हे सगळ्यांना समजावं म्हणून तो सकाळपर्यंत तोंड पाडून होता. मग धक्क्याच्या मोटारी आल्या. पहिल्या धक्क्यालाच बहिणीने त्याला असा काही कोपऱ्यात दाबला की मिशी, मित्र आणि अब्रू सगळं विसरून तो तिच्या मागे लागला. तिथून बाहेर आले तेव्हा दोघांचे चेहरे लालबुंद झाले होते आणि पुन्हा जायचं म्हणून दोघं भांडत होती. शिंपी लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसला, तोही घोड्यावर नाही, मधल्या रथात, दोन्ही हातांनी दांडा धरून. उतरल्यावर मात्र छाती काढून चालला. वय झालं म्हणून माणसाची हौस कुठं गावाला जात नाही. तिला कुणी बोलवत नाही, म्हणून ती गप्प बसते.

दुपारी सगळे अजगराच्या रांगेत लागले. रांग नेमकी त्या खांबाला वळसा घालून जात होती. खांब बघितला आणि ठिणगीला राहवेना. मुलांना नुसतं सांगून आता भागणार नव्हतं, खूण दाखवायला हवी होती. पुढं ती दिसणारही नव्हती. तिने रांगेची दोरी उचलली, फुलझाडं चुकवत खांबाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि घराच्या किल्लीने रंग खरवडायला लागली. लाल निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली निळा. दर हंगामाला पार्कवाल्यांनी नवा थर दिलेला. लोखंड काही लागेना. ती खरवडत राहिली.

"बाई, उठा तिथून," मागून आवाज आला. पहारेकरी होता. त्याने खांबावरचा ओरखडा बघितला, किल्ली बघितली, आणि त्याला वाटायचं तेच वाटलं. या वयात खांबावर नावं कोरता, असं तो म्हणाला. रांगेतली माणसं हसली. पार्काच्या वस्तूंची खराबी करणाऱ्याला बाहेर काढायचं, असा नियम आहे, चला फाटकाकडे, असं त्याने सांगितलं. माणूस वाईट नव्हता. दिवसभर लोकांची नावं पुसून पुसून कावलेला होता.

ठिणगी उठली. एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे ती, पण आता तिने नुसती गुडघ्यांवरची माती झटकली. खूण सापडली नव्हती, दाखवायला काही नव्हतं, आणि अजगर डोक्यावरून खट् करून गेला. आपलं खरं ठरवायला आपल्याकडे काहीच नाही, असं तिला वाटलं. तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि फाटकाच्या दिशेने निघालीसुद्धा.

थोरली दोरीखालून आत आली आणि आईपुढे उभी राहिली. तिच्या मागोमाग धाकटाही आला, झाडं तुडवत.

"ती नाव कोरत नव्हती," थोरली म्हणाली. "हा खांब तिने उभा केलाय. वरचा रूळ तिने जोडलाय. रंगाखाली तिची खूण आहे."

"दिसत तर काही नाही," पहारेकरी म्हणाला.

"दिसू दे नाहीतर न दिसू दे. ही आमची आई आहे, आणि हे वळण तिचं आहे." दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना दटावताना लावायची तसल्या आवाजात तिने हे सांगितलं. सगळ्या रांगेने ऐकलं.

पहारेकऱ्याने खांबाकडे पाहिलं, वर पाहिलं, ठिणगीच्या हातांवरचे जुने डाग पाहिले. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "मग कसं आहे वळण? आतून?"

"बसले नाही अजून," ठिणगी म्हणाली.

त्याने मान हलवली. नियम तो नियम, रांग मोडलीत तर आता शेवटी उभं राहा, आणि पुन्हा फुलझाडांत पाय टाकायचा नाही, असं बजावून तो निघून गेला. ते परत शेवटाला जाऊन उभे राहिले. ऊन तापलं होतं. धाकटा कुरकुरला नाही. उलट पुढच्या पोरांनी मघाशी बाहेर काढत होते त्या बाई ह्याच का म्हणून विचारलं, तेव्हा त्याने सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. त्यात आईने एकटीने अख्खा अजगर बांधला होता. ठिणगीने चुकीची दुरुस्ती केली नाही.

शिंपी पिशव्या घेऊन बाकावर बसला. डब्यात आई मधे आणि मुलं दोन बाजूंना. उंचावर काम करताना कमरेचा पट्टा ती स्वतः अडकवायची. इथं कुणीतरी परक्याने मांडीवरचा दांडा खाली दाबला आणि निघून गेला, हे तिला मुळीच आवडलं नाही. डबा चढायला लागला. धाकट्याचा हात हळूच आईच्या हातात आला. मिशी तशीच होती. माथ्यावर सगळं शहर पायाखाली दिसलं आणि पुढच्या क्षणी काहीच दिसलं नाही. थोरली किंचाळत होती, धाकटा आई आई म्हणून ओरडत होता, ठिणगीने मात्र डोळे मिटून सगळं लक्ष बुडाखाली नेलं होतं. आता येईल. आता खट् होईल.

डबा डावीकडे वळला, अंग मुलीवर कलंडलं, ती वाट बघत राहिली. वळण सरलं. आणि पुढं सरळ रुळावर आल्यावर खालच्या ब्रेकने डब्याचं पोट पकडलं. खट्.

ब्रेक होता. इतकी वर्षं ब्रेक वाजत होता आणि ती तो आपल्या माथी मारून घेत होती. वळणावरचा जोड केव्हा आला आणि केव्हा गेला, ज्या हातांनी तो केला त्यांनाही समजलं नव्हतं. ठिणगी हसायला लागली. मुलांना वाटलं आई घाबरली, आणि दोघांनी दोन्हीकडून तिला गच्च धरलं. तिने धरू दिलं.

खाली उतरली तेव्हा तिचे केस उभे होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ती तडक बाकाकडे गेली. मुलं मागून येत होती, काय झालं म्हणून विचारत होती, पण तिला आधी नवऱ्याला सांगायचं होतं.

"अहो," ती म्हणाली, "जोड लागलाच नाही. मी वाट बघत होते, कळलंच नाही."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शिंप्याला समजवावं लागलं नाही. सगळा जन्म त्याने लोकांच्या अंगाला लागणार नाही अशी शिवण घालण्यात घालवला होता. त्याने बायकोकडे वर बघितलं आणि त्याचेही डोळे भरून आले.

"टोचला नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग आता सगळ्यांना सांग," तो म्हणाला, आणि बाकावर बसलेल्या अनोळखी कुटुंबाला वळणाकडे बोट दाखवून स्वतःच सांगायला लागला.